पिवळ्या ठिपक्याचा टायर

शर्यत सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती आणि तेवढ्या वेळात वहिनीने चार वेळा हातमोजे घातले होते, चार वेळा काढले होते. बसायला खुर्ची होती. तिच्यात ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा काही टोचल्यासारखी उठली. अंगात चामड्याचा जाड सूट, पायात नडगीभर बूट, अशा वेषात माणसाला धड येरझाऱ्यासुद्धा घालता येत नाहीत. वहिनी तरी घालत होती आणि पावलागणिक तिचा सूट करकरत होता. शेजारच्या गाडीचा मेकॅनिक शेवटी म्हणाला, "वहिनी, बसा हो जरा. सूट इथेच झिजवाल."

"तुम्ही तुमचे नटबोल्ट बघा," वहिनी म्हणाली आणि पुन्हा ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी गेली.

त्या ट्रॅकवर लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचं खरं नाव फक्त नोंदणीच्या कागदावर उरलं होतं. हे नणंदेमुळे झालं. वहिनी पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी घेऊन उतरली तेव्हा नणंद भिंतीवर चढून "वहिनी, रेस दे! वहिनी, रेस दे!" असं घसा फाटेपर्यंत ओरडली होती. नणंदेचं तरी खरं नाव कोणाला ठाऊक होतं? ती भिंगरी. घरोघर पार्सलं पोचवण्याचं तिचं काम, आणि दिवसभर जिने चढूनउतरून झाल्यावर बाकीची माणसं आडवी होतात तिथे ही सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल पळवायला यायची. सध्या ती ट्रॅकवर होती. पहिला तास तिचा, दुसरा वहिनीचा. गाडी एकच.

आणि मागचा टायरही एकच. शर्यत भरवणाऱ्या क्लबाचा हा नियम जुना होता आणि त्यावरून लोक जितके भांडत तितके दुसऱ्या कशावरून भांडत नसत. सकाळी तपासनीस काका हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन रांगेने फिरत, प्रत्येक गाडीच्या मागच्या टायरच्या कडेला एक ठिपका देत. त्या ठिपक्याच्या टायरवरच दोन तास पुरे करायचे. पंक्चर झालं तर गोष्ट वेगळी, एरवी टायर बदलला की शर्यतीतून बाहेर. टायर आधी तापवून ठेवायची विजेची ब्लँकेटंही इथे चालत नसत. थोडक्यात, पहिल्या तासात भिंगरी जे खाईल त्यातून जे उरेल, त्यावर वहिनीने दुसरा तास काढायचा.

ट्रॅकला वळणं नऊ आणि त्यातली सहा उजवी, त्यामुळे सगळा मार टायरच्या उजव्या खांद्यावर बसायचा. डावा खांदा संध्याकाळीही दुकानातून आत्ता आणल्यासारखा दिसायचा. सहा उजव्यांमधलं सर्वांत मोठं वळण म्हणजे लांबोडी. गाडी उजवीकडे झोपवली की माणसाने आपला पत्ता पिनकोडसकट सांगून संपवावा, तोवर ती झोपलेलीच. गेल्या वर्षी वहिनी पडली ती इथेच.

तिच्या तासातली ती चौथी फेरी होती. लांबोडीच्या मधोमध मागचं चाक असं निघून गेलं की तिला कळलं तेव्हा आभाळ दिसत होतं. गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी बसवावी लागली, तीन महिने कूस बदलता आली नाही. या तीन महिन्यांत भिंगरी दर दोन दिवसांनी कामावरून थेट यायची आणि तिचे केस धुऊन द्यायची. वहिनीला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं. पडण्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की टायर गार होता, वहिनीने घाई केली. "माझंच चुकलं," असं वहिनीही सांगायची. कामावर सांगितलं, शेजारी सांगितलं, डॉक्टरांनी न विचारता त्यांनाही सांगितलं.

मग महिन्यापूर्वी तिला तो टायर सापडला.

नवऱ्याचं टायरचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. दुकानाच्या माळ्यावर ती हेल्मेटची जुनी काच शोधत होती. एका कोपऱ्यात पोत्यात बांधलेलं काहीतरी दिसलं. टायरच्या दुकानात टायर कोणी पोत्यात बांधत नाही, म्हणून तिने गाठ सोडली. कडेला पिवळा ठिपका होता. वहिनीचं काम दातांच्या प्रयोगशाळेत, कवळ्या घडवायचं. कोण कोणत्या बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, हे ती झिजलेल्या दातांवरून सांगते, माणूस बघावाही लागत नाही. तिने अंगठा फिरवला. टायर किती झिजला ते कळावं म्हणून रबरात बारीक खळ्या असतात. डाव्या बाजूच्या खळ्यांमध्ये नख अख्खं जात होतं. उजव्या बाजूला खळ्याच उरल्या नव्हत्या. चार फेऱ्यांत अशी झीज कोणाच्या बापाला जमायची नाही. टायर तिच्या हातात आला तेव्हाच संपलेला होता.

त्या दिवशी पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेत, तिने गाडीवर बसताना विचारलं होतं, "टायर कसा आहे?" आणि भिंगरी म्हणाली होती, "मस्त आहे, मार बिनधास्त."

वहिनीने पोतं पुन्हा बांधलं, होतं तिथे ठेवलं आणि घरात येऊन चहा केला. म्हटलं, बघू कोण आपणहून सांगतंय. महिना गेला. नवरा जगातल्या सगळ्या विषयांवर बोलला, नळाच्या गळतीपासून मेव्हण्याच्या टकलापर्यंत. भिंगरी तर झोपेतही बोलते. पण टायरचा विषय निघाला की दोघांच्या तोंडात मिठाची गुळणी. आणि खरं सांगायचं तर वहिनीच्याही.

या महिन्यात तिने मनाशी आणखी एक गोष्ट ठरवली होती आणि तीही कोणाला सांगितली नव्हती. सरावात ती लांबोडीला आली की प्रत्येक वेळी उजवा हात आपोआप रेस सोडत होता. ती सांगायची, हात ऐकायचा नाही. आज शर्यतीतही हात असाच मिटला, तर संपलं. सूट धुऊन, पुसून, ज्याला बसेल त्याला देऊन टाकायचा. चाळिशीला आलेल्या बाईने हट्टाला पेटून पुन्हा हाडं मोडून घ्यायची नाहीत. ठरलं होतं तसं. पण ठरल्यापासून तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. भाजी निवडतानाही तिचा उजवा पंजा उघडमीट करत असे.

आता ती भिंतीला टेकून ऐकत होती. लांबोडीचं शेवटचं टोक इथून दिसतं, आणि ऐकू तर सगळंच येतं. भिंगरीची रेस वहिनीला पाठ होती. गाडी अजून पुरती उभीही राहिलेली नसते आणि ही बया मूठ पिळते. मग मागचं चाक फिरतं, आवाज एकदम चढतो, रबर रस्त्यावर ठेवून गाडी पुढे जाते. वहिनी त्या चढणाऱ्या आवाजाची वाट बघत होती.

आवाज आला नाही.

गाडी आली, गुमान वळली, पूर्ण उभी राहिली आणि मग हळूच रेस मिळाली. एखादी काकू दूध आणायला निघावी तशी. पुढच्या फेरीला तेच. वहिनीने घड्याळ दाबलं. एक मिनिट चव्वेचाळीस. भिंगरीची नेहमीची फेरी एक मिनिट चाळीसची.

"गाडीला काही झालंय का?" ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा एकच पाना पुसत बसला होता. बराच वेळ पुसत होता, पाना आता आरशासारखा झाला होता. त्याच्याविषयी एवढं सांगायला हवं, की घरातल्या दोन्ही बायका वाऱ्याशी स्पर्धा करत असल्या तरी तो स्वतः कधी ट्रॅकवर गाडी घेऊन गेला नव्हता. त्याला झोपाळ्यावरही मळमळतं. पण टायर त्याच्याइतका जाणणारा त्या मैदानावर दुसरा नव्हता.

"गाडी ठीक आहे," तो म्हणाला.

"मग ही वरातीत चालल्यासारखी का चालवतेय?"

"वारा गार आहे आज. ढग आहेत. जपून चालवत असेल."

"भिंगरी? जपून?"

नवऱ्याने पाना उलटा केला आणि दुसरी बाजू पुसायला घेतली. आणि तेव्हा वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. भिंगरी टायर वाचवत होती. वहिनीसाठी. आधी तिला बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं, कारण आज धड टायर मिळणार होता. मग दोन श्वासांत तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे. गेल्या वर्षी काय केलं ते ठाऊक आहे, त्याचं ओझं वर्षभर वागवलंय, केस धुतलेत, आणि आता चार-चार सेकंद सोडून देतेय. सगळं करायला तयार आहे, फक्त तोंड उघडायला तयार नाही. मी काय काचेची बरणी आहे का, फडक्यात गुंडाळून न्यायला?

तिने हातमोजे पाचव्यांदा घातले आणि ते घालताना डाव्याचा उजव्यात घातला.

तास भरला. भिंगरी आत आली. चालक बदलायला इथे तीन मिनिटं सक्तीची असतात, घाईत कोणाचा अपघात होऊ नये म्हणून. लवकर निघालात तर दंड. काका घड्याळ आणि लाल झेंडा घेऊन गाडीसमोर उभे राहिले. नवऱ्याने मागचं चाक स्टँडवर घेतलं. भिंगरी उडी मारून उतरली, हेल्मेट काढलं, चेहरा लालबुंद, पण खूश.

"टायर झकास आहे, वहिनी! फुलासारखा आणलाय तुझ्यासाठी. एकदासुद्धा घसरू दिला नाही."

वहिनी चाकापाशी उकिडवी बसली. डावी बाजू नव्यासारखी. तिने चाक फिरवलं, मान वाकडी करून उजवा खांदा बघितला आणि तिचा हात तिथेच थांबला. उजव्या खांद्यावरचं रबर किसणीवर घासल्यासारखं झालं होतं. पातळ, टोकदार पापुद्रे उठले होते, एकामागे एक, लाटांसारखे.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

भिंगरी वाकली. "असं कसं होईल? दादा, बघ ना. मी खरंच हळू चालवली. आईशप्पथ हळू चालवली."

"हवा मोज," वहिनी नवऱ्याला म्हणाली.

त्याने मीटर लावलं. एकोणतीस. गाडीच्या टाकीवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर त्याच्याच अक्षरात सकाळची, गार टायरची हवा लिहिलेली होती: मागे चोवीस. वहिनीने मनात वजाबाकी केली. नेहमी टायर नीट तापला की चार पॉइंट वाढतात. आज पाच वाढले. म्हणजे जास्त तापला, आतून मऊ पडला आणि रबर फाटलं. भाजलेल्या टायरला इलाज एकच, थोडी हवा आणखी भरायची म्हणजे तो चेपला जाऊन अजून तापणार नाही, आणि पुढचा तास अगदी अलगद काढायचा.

"तापलाय," ती म्हणाली. "दोन पॉइंट हवा भर. मी हळू चालवते."

हळू हा शब्द उच्चारताना तिला आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं. लांबोडीला रेस सोडायला आता कारण मिळालं होतं. कोणी काही म्हणणार नव्हतं. तिला त्या सुटकेची लगेच लाजही वाटली.

नवऱ्याने पंपाची नळी उचलली, टायरपर्यंत नेली आणि तशीच धरून ठेवली.

"भर ना," वहिनी म्हणाली.

"दोन मिनिटं राहिली," काका म्हणाले.

नवऱ्याने आधी बायकोकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग टेपकडे.

"थांब," तो म्हणाला. "सकाळी चोवीस नव्हती. सत्तावीस भरली होती मी."

"टेपवर चोवीस लिहिलंय."

"लिहिलंय. खोटं लिहिलंय."

"का?"

"अगं, ही पहिल्या फेरीपासून टायर तोडते. म्हटलं, हवा जास्त असली की रबर कमी चेपेल, कमी तापेल, तुझ्या वाट्याला धड काहीतरी येईल. टेपवर सत्तावीस दिसली असती तर तू विचारलं असतंस, का वाढवली? मग मला..." त्याने नळी खाली ठेवली. "मग मला गेल्या वर्षीचं सांगावं लागलं असतं."

वहिनीने मान वळवली. ती भिंगरीकडे बघत होती.

भिंगरीचं तोंड उघडं होतं, आणि बहुधा जन्मात पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडत नव्हतं. मग एकदम सगळं पडलं. "गेल्या वर्षीचा टायर मी खाल्ला होता, वहिनी. शेवटच्या दहा फेऱ्या मागचं चाक बाजूला पळत होतं. मला कळत होतं. आपण तिसरे होतो, मला कमी करवेना. तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडातून मस्त आहे निघून गेलं. नंतर तू सगळ्यांना सांगत सुटलीस, माझं चुकलं, माझं चुकलं. मी तुझे केस धुवायचे आणि दर वेळी ठरवायचे, आज सांगते. तुझ्या डोळ्यांत साबण जायचा आणि मी पुढच्या वेळेवर ढकलायचे."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"माळ्यावरचं पोतं मी उघडलं. महिना झाला."

काकांनी घड्याळातून डोकं वर काढलं, तिघांकडे बघितलं आणि आवाज जरा उतरवून म्हणाले, "दीड मिनिट."

वहिनीला ओरडायचं होतं. वर्षभराचं ओरडणं साठलं होतं. पण दीड मिनिटात ते मावणार नव्हतं, आणि समोर चाक होतं. तिने हातमोजा काढला आणि उघडा तळवा उजव्या खांद्यावर ठेवला. टायर कोमट होता. उन्हात ठेवलेल्या बादलीतल्या पाण्याइतका. नीट चाललेल्या टायरवर हात ठेवला तर तो झटकन काढावा लागतो. तिने एका पापुद्र्याखाली नख घातलं. दातावरचा मळ निघावा तसा तो वरच्यावर निघाला. खालचं रबर धडधाकट होतं.

सत्तावीसवरून एकोणतीस. वाढले दोनच पॉइंट. आता सगळं जुळलं. नवऱ्याने हवा जास्त भरली, बहिणीने गाडी हळू चालवली, वरून हा ढगाळ वारा. दोघांनी आपापल्या परीने तिच्यासाठी टायर जपला, एकमेकांना पत्ता लागू दिला नाही, आणि जपूनजपून तासभर तो थंड ठेवला. थंड कडक रबर रस्त्यावर नुसतं खरवडत राहिलं.

"हवा काढ," ती म्हणाली. "सव्वीसवर आण."

"काढू?"

"गारठलाय हा. एक तास कोणी ऊब दिली नाही त्याला. हवा भरली असती तर आणखी गारठला असता आणि मी हळूहळू चालवत गेले असते लांबोडीत. माझं दुसरं हाड मोडलं असतं, कळतंय का तुला? तुझ्या त्या टेपमुळे?"

नवऱ्याने मान हलवली. हवा त्याने बरोबर सव्वीसवर आणली, आणि एकदा मोजून पुन्हा एकदा मोजली.

"मग आता कशी चालवणार?" भिंगरीने विचारलं.

वहिनी गाडीवर बसली. मघाची ती सुटका, ते आयतं कारण, पार नाहीसं झालं होतं. टायर वाचवायचा तर त्याला तापवायचं, आणि तापवायचं तर त्याच्यावर भार टाकायचा, म्हणजे गाडी झोपलेली असताना रेस उघडी ठेवायची. जिथे तिचा हात मिटत होता नेमकी तिथेच.

"मारणार," ती म्हणाली, आणि काकांनी झेंडा उचलला.

पहिल्या फेरीत टायरने तिला अजिबात दाद दिली नाही. प्रत्येक उजव्या वळणाला मागचं चाक बारीक थरथरायचं, जणू रस्त्यावर कोणी वाळू टाकली आहे. लांबोडीला ती आली, गाडी झोपवली आणि हात मिटला. झालं. मिटलाच. गाडी डगमगली, पुढचं चाक जड झालं, मागचं हलकं होऊन दोन बोटं बाहेर सरकलं. दुसऱ्या फेरीलाही तेच, फक्त थोडं कमी. सूट कोणाला बसेल याचा विचारसुद्धा तिच्या मनात येऊन गेला.

तिसऱ्या फेरीत तिने भांडायला सुरुवात केली.

हेल्मेटच्या आत कोणाला ऐकू जात नाही. "मस्त आहे म्हणे!" ती ओरडली आणि पहिलं वळण घेतलं. "तीन महिने उताणी झोपले मी! शिंकले तरी जीव जायचा!" दुसरं वळण. "आणि तू, पोत्यात बांधतोस? टायरवाला आहेस की चोर?" तिसरं. राग होता तोवर हाताला भ्यायला फुरसत नव्हती. लांबोडी आली. लांबोडी इतकी लांब, की तिच्यात अख्खं भांडण बसतं. "माझं चुकलं म्हणाले मी! सगळ्या गावाला सांगितलं! एकाने तरी म्हणायचं होतं, नाही गं, तुझं नाही चुकलं!" हे वाक्य संपलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि वळण संपलं होतं. हात अर्धाच मिटला होता.

चौथी फेरी. गेल्या वर्षीची हीच.

ती काही ओरडली नाही. राग सगळा वापरून झाला होता. आता फक्त भीती उरली होती, आणि तिच्याशी भांडता येईना. गाडी उजवीकडे गेली, गुडघा रस्त्याला लागला, आणि ज्या ठिकाणी तिला आभाळ दिसलं होतं ते ठिकाण समोरून येऊ लागलं. हात मिटायला निघाला. तिने त्याला सांगितलं, मीच चालवतेय, टायर मी स्वतः बघितलाय, हवा मला ठाऊक आहे. या वेळी कोणाच्या सांगण्यावर नाही चालले. आणि मूठ केसभर उघडली. आणखी केसभर. मागचं चाक थोडं बसलं, रस्त्यात रुतल्यासारखं बसलं, आणि गाडी ओणवी असतानाच पुढे ढकलली गेली. ती जागा गेली. मागे गेली. वहिनीला ती गेल्याचं पुढच्या वळणावर कळलं.

सहाव्या फेरीपासून वाळू गेली. दहाव्या फेरीपासून तिने मोजणं सोडलं.

निकालात ते पाचवे आले. वहिनीने तो विचारलाही नाही. ती पिटमध्ये आली, इंजिन बंद केलं, आणि तिला हेल्मेटचा बंद सुटेना. नवऱ्याने तो सोडवला. मग तो मागे जाऊन उकिडवा बसला आणि त्याने सवयीने टायरवर तळवा ठेवला, आणि "आई गं!" करून झटकन काढला. उजव्या खांद्यावर एक पापुद्रा राहिला नव्हता. रबर एकसारखं काळं, तुकतुकीत, बारीक दाण्याचं झालं होतं. तो चटका बसलेला हात तोंडाशी धरून तसाच बसून राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. हाताचं निमित्त होतं म्हणून बरं.

भिंगरी चार पावलं लांब उभी होती. जवळ यायचं धाडस होत नव्हतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "टायर कसा आहे, वहिनी?"

गेल्या वर्षीचा तोच प्रश्न होता, फक्त विचारणारी बदलली होती. वहिनीने घाम पुसला. टाकीवरचा चोवीसचा टेप नखाने खरवडून काढला, त्याची गोळी केली आणि नवऱ्याच्या खिशात टाकली.

"उजवीकडे पंधरा फेऱ्यांचं रबर उरलंय," ती म्हणाली. "डावी बाजू नवी आहे. पहिल्या पाच फेऱ्या मागचं चाक पळत होतं. आणि चौथ्या फेरीला मी इतकी घाबरले होते, की अजून मांड्या कापतायत."

भिंगरी रडायलाच लागली. वहिनीने तिला थोडा वेळ रडू दिलं. मग खुर्ची ओढली, तिच्यात पाय पसरून बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा बसूनच राहिली.

"पुढच्या वर्षी पहिला तास माझा," ती म्हणाली. "उरेल ते तुला. आणि विचारशील तेव्हा खरं सांगेन."